सरांचं कडं

‘काचेवर कोणीतरी शिंकलंय,’ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच सर कुरकुरले.

‘शिंक नाही सर, स्फटिक आहेत ते,’ सून म्हणाली.

‘हे? हे स्फटिक? आमच्या वेळी स्फटिक चिमट्यात धरता यायचा. खाली पडला तर आवाज यायचा.’

‘आता एवढाच पुरतो.’

‘पुरतो म्हणे! नको तिथे काटकसर.’ सरांनी डोळा काढला आणि चष्मा परत चढवला. ‘पण कड्याचा आहे ना? मग चालेल. कडं लहान स्फटिकातही कडंच राहतं.’

सर तिचे सासरे. पण आधी ते तिचे सर होते आणि सासरे मागाहून झाले. लग्नानंतर पहिल्याच सकाळी तिने स्वयंपाकघरातून ‘सर, चहा घेता ना?’ अशी हाक मारली तेव्हा सासूबाईंना इतकं हसू फुटलं की दूध उतू गेलं. ‘असू दे,’ त्या म्हणाल्या, ‘बाबा म्हणणारा एक आहे घरात. सर म्हणणारं कोणी नव्हतं.’ तेव्हापासून घरीही सरच.

निवृत्त होऊन सरांना बरीच वर्षं झाली होती, पण विभागात त्यांची खुर्ची अजून होती. कोणी ती हलवली नाही, कारण हलवायची कोणी, हा प्रश्न होता. ते आठवड्यातून दोनदा येत, खुर्चीत बसत, पोरांच्या चुका काढत आणि पोरांचाच चहा पीत. एक्स-किरणांचं यंत्र मात्र आता सुनेच्या ताब्यात होतं. स्फटिकावर किरण सोडायचे, ते कसे विखुरतात ते पाहायचं आणि त्यावरून आतले अणू कुठे कुठे बसलेत, एकमेकांपासून किती लांब आहेत, हे हुडकायचं. याच कामात तिचे केस पिकायला लागले होते.

ही लांबी म्हणजे काय, ते सर पहिल्या तासाला असं शिकवायचे: कार्बन म्हणजे चार हातांचा प्राणी. दोघांनी एकेक हात धरला तर ते जरा अंतर ठेवून उभे राहतात, दोन-दोन हात धरले तर जवळ येतात आणि तीन-तीन धरले तर नाकाला नाक. एकेरी बंध एक पॉइंट चोपन्न, दुहेरी एक पॉइंट चौतीस, तिहेरी एक पॉइंट वीस. माप अँगस्ट्रॉमचं, म्हणजे सेंटिमीटरचे दहा कोटी तुकडे केले तर त्यातला एक. मग यायचं बेंझीन. सहा कार्बनांनी धरलेलं कडं. कागदावर ते एकाआड एक एकेरी-दुहेरी काढतात, पण मोजायला जावं तर सहाही बंध सारखेच, एक पॉइंट एकोणचाळीस. जे काही आहे ते सगळ्यांनी वाटून घेतलेलं. सहांना हे जमतं, आठांना जमत नाही. आठांच्या कड्यात लांब-आखूड, लांब-आखूड असंच चालतं, असं पुस्तकं म्हणतात.

सरांनी तरुणपणी आठांचं कडं बनवलं होतं. सपाट. मोजलं तर आठही बंध सारखे निघाले. एक पॉइंट चाळीस.

त्या एका आकड्यावर सर मोठे झाले. कड्याला एक लांबलचक शास्त्रीय नाव होतं, पण विभागात सगळे ‘सरांचं कडं’च म्हणायचे. आणि आता एका पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती. बंधांच्या लांबीची तुलना करणारं प्रकरण सरांना लिहायला सांगितलं होतं आणि सरांनी परस्पर सुनेचं नावही त्यावर घातलं होतं. शेवटी एक तक्ता, आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीत कडं. ‘जुना आकडा जुन्या यंत्राचा,’ ते म्हणाले होते. ‘तू नव्यावर मोज. चाळीसच्या पुढे अजून दोन दशांश येऊ देत. सासरा-सुनेचा आकडा म्हणून छापू.’

म्हणून तर हा शिंतोडा.

सरांच्या जुन्या बाटलीतल्या स्फटिकांचा पार भुगा झाला होता. तिने तो वेगळ्या द्रावकात विरघळवून नवे स्फटिक वाढवले. सर घरी गेल्यावर तिने त्यातला एक तेलाच्या थेंबात घोळवला, नायलॉनच्या इवल्याशा फासात उचलला आणि यंत्रावर गार वाऱ्यात धरला. नायट्रोजनचा हा वारा इतका गार असतो की आजूबाजूच्या हवेचंच धुकं होतं. गारठ्यात अणूंची थरथर कमी होते आणि ते नीट दिसतात. लहान मुलाचा फोटो त्याला झोप लागल्यावर काढावा, तसं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. पहिला बंध एक पॉइंट चौतीस, त्याच्या शेजारचा एक पॉइंट सेहेचाळीस. मग पुन्हा चौतीस, पुन्हा सेहेचाळीस. लांब-आखूड, लांब-आखूड, कड्याला पूर्ण वळसा घालून.

‘काहीतरी घोळ केलास तू,’ ती स्वतःला म्हणाली आणि दुसरा स्फटिक लावला. त्यानेही तेच सांगितलं. तिसऱ्यानेही तेच. एकेरी बंध खरा चोपन्नचा. पण दोन्हीकडे दुहेरी शेजारी असले की तोही आखडतो आणि सेहेचाळीसवर येतो. ढवळ्याशेजारी पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणजे आकडे अगदी पुस्तकात असावेत तसे होते. कड्यात कोणी काही वाटून घेतलं नव्हतं.

मग सरांचा चाळीस आला कुठून? चौतीस आणि सेहेचाळीस यांची सरासरी काढायला यंत्र लागत नाही. नव्या द्रावकातून आलेल्या स्फटिकात सगळी कडी एकाच अंगाने बसली होती; सरांच्या जुन्या स्फटिकात निम्मी एका अंगाने बसलेली होती आणि निम्मी एक घर सरकून. एकाचा लांब बंध जिथे येतो तिथे दुसऱ्याचा आखूड. यंत्राला सुटं कडं दिसत नाही, सगळ्यांची मिळून एक बेरीज दिसते. दोन बहिणींचे फोटो एकावर एक छापले तर तिसरीच बाई दिसते, आणि तिचं नाक त्या दोघींपैकी कोणाचंच नसतं. सरांनी त्या तिसऱ्या बाईवर आयुष्यभर व्याख्यानं दिली होती.

जुन्या चित्रात अणू जरा लांबट दिसत ते याच सरमिसळीमुळे, आणि ते लांबट दिसतात हे तिला विद्यार्थिनी असल्यापासून माहीत होतं. तिने तेव्हा विचारलंही होतं. ‘उकाडा,’ सर म्हणाले होते, ‘उकाड्याने थरथरतात.’ तिने मान डोलावली होती. मान डोलावणारी ती काही पहिली नव्हती.

तिने दाढीवाल्याला फोन लावला. दाढीवाला तिच्या आधीच्या तुकडीतला, सरांचा लाडका, आता दुसऱ्या गावी मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख. दाढी केव्हाच काढली होती, नाव तेवढं चिकटलं होतं.

‘तू कडं मोजलं होतंस ना रे, जुन्या-नव्याच्या मधल्या यंत्रावर? काय आलं होतं?’

‘चाळीस,’ तो म्हणाला. जरा जास्तच पटकन.

‘सगळे?’

‘सगळे.’

‘कसे काय?’

पलीकडे चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. ‘हे बघ, अणू लांबट होते, गणित काही बसेना. सर रोज दारात उभे, “आलं का, आलं का”. शेवटी मी एक ओळ घातली.’

ती ओळ म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं नाही. या कामात यंत्राच्या गणिताला एका ओळीत बजावता येतं: हे दोन बंध सारखे आहेत असं धरून चाल. त्यात गैर काही नसतं. जिथे सारखेपणा आधीच ठाऊक असतो, तिथे ती ओळ घालतातच. फक्त जे शोधायचं तेच आधी धरून चालायचं नसतं.

‘म्हणजे तू त्याला सारखं म्हणायला सांगितलंस आणि ते म्हणालं सारखं.’

‘आज्ञाधारक गणित आहे ते.’

‘आणि छापलंस?’

‘छापलं कुठे? सरांना दाखवलं. ते खूश झाले, सगळ्यांना पेढा... जाऊ दे. मी आठवड्याभरात दुसरीकडे नोकरीचा अर्ज केला. तुला वाटलं मी पगारासाठी गेलो?’

‘मग आता सरांना सांग ना तू. तुझं ऐकतात ते.’

‘मी? बाई गं, तू घरची आहेस. तू सांग.’

‘घरची आहे म्हणूनच नाही ना सांगता येत!’

‘आणि मी बाहेरचा आहे म्हणून मला नाही सांगता येत. झालं, फिटंफाट.’ तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. ‘ऐक. तुझ्या जागी मी असतो तर...’

‘तर ओळ घातली असतीस.’

फोन ठेवल्यावर तिने ती घातली. पाहावं तरी, म्हणून. गणिताने क्षणभर का-कू केली आणि मग आठही बंध मुकाट्याने चाळिसावर येऊन उभे राहिले, शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखे. फक्त खालच्या कोपऱ्यात, चूक किती उरली ते सांगणारा आकडा दुपटीच्या वर गेला. त्या कोपऱ्याकडे कोण बघतं? पाठ्यपुस्तकात तो कोपरा छापतही नाहीत. मग तिने ओळ पुसली, हात धुतले आणि घरी गेली. हातांना काही लागलेलं नव्हतं.

घरी सासूबाई ओट्याशी मटार सोलत होत्या आणि नवरा डब्यातले दाणे चोरत होता. नवरा कवळ्या बनवायचा. दंतवैद्यांकडून साचे यायचे, त्यावर हा दात बसवायचा. बापाच्या रसायनशास्त्राला त्याने लहानपणीच हात जोडले होते.

तिने हलक्या आवाजात दोघांना सगळं सांगितलं. सर आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते.

‘माझ्याकडे माप चुकलं,’ नवरा म्हणाला, ‘तर माणूस दुसऱ्या दिवशी येऊन तोंड उघडून दाखवतो. तुमच्याकडे पंचेचाळीस वर्षं झाली तरी कोणी तोंड उघडत नाही. कमाल आहे.’

‘मग तू उघड. तुझे बाबा आहेत.’

‘मला काय कळतंय त्यातलं? ते मला पहिला प्रश्न विचारतील आणि माझीच दांडी गुल.’

‘कोणीही काही उघडायचं नाही,’ सासूबाई म्हणाल्या. शेंगेची शीर त्यांनी नको इतक्या जोरात ओढली. ‘गेल्या वर्षी छातीत कळ आली होती, विसरलात वाटतं? डॉक्टर काय म्हणाले? मनाला त्रास नको. पुस्तक छापून जाऊ दे. कोण बघतंय इतकं बारीक?’

‘आई, पोरं बघणार. परीक्षेला लिहिणार. आणि खाली माझं नाव आहे.’

‘तुझं नाव काढून घे.’

‘त्यांनी “का?” विचारलं तर काय सांगू?’

सासूबाईंनी मुलाच्या हातावर चापट मारून डबा ओढून घेतला. तो बाहेर गेल्यावर मात्र त्यांचा आवाज खाली आला.

‘तुला माहीत आहे, ते कडं सापडलं त्या दिवशी मी माहेराहून येत होते? कडेवर हा, हातात ट्रंक. हे स्टेशनवर न्यायला येणार होते. आलेच नाहीत. दिवेलागणीला मी आपली टांग्यात बसून घरी आले, तर कुलूप. शेजारणीकडे बसले. मग उगवले हे. मला वाटलं माफी मागतील. दारातूनच ओरडले, “सारखे आहेत! आठही सारखे आहेत!” मी म्हटलं, कोण आठ? कुठले आठ? मुलगा एकच आहे आपला.’

सून हसली. सासूबाईही हसल्या, आणि मग त्यांनी पदराने नाक पुसलं.

‘त्या दिवसापासून ते कडं माझी सवत. तुला वाटत असेल, सवतीचं वाईट ऐकून मला बरं वाटेल. नाही गं वाटत. इतकी वर्षं एका घरात काढली आम्ही.’

पुढचे काही दिवस सून टाळाटाळीत तरबेज झाली. सर विचारायचे, ‘आला का आकडा?’ ती म्हणायची, यंत्र गार होतंय. मग म्हणायची, गार झालंय पण स्फटिकावर बर्फ धरलाय. मग नायट्रोजन संपला. नायट्रोजन खरंच संपला तेव्हा तिला इतका आनंद झाला की टाकी बदलायला आलेल्या माणसाला तिने चहा पाजला. सरांनी विभागातल्या पोरांना पुन्हा एकदा कड्याची गोष्ट सांगितली आणि ती खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिली. पोरं चांगली होती. लिहून घेत होती.

त्यांच्यातल्या एका मुलीने हात वर केला. ‘सर, जुन्या चित्रात अणू असे लांबट का आहेत?’

‘उकाडा,’ सर म्हणाले.

मुलीने सुनेकडे पाहिलं. खात्री करून घ्यायला बघतात, तसं. आणि सुनेची मान, इतक्या वर्षांची सवय, आपोआप डोलावली गेली. मुलीने वहीत ‘उकाडा’ लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

त्या रात्रीचं जेवण सुनेला गेलं नाही. चाळीस चुकीचा आहे याचा तिला एवढा त्रास नव्हता. चुका होतात, त्या काळच्या यंत्रावर दुसरं कोणी असतं तरी हेच म्हणालं असतं. पण ती मान तिची होती.

रविवारी सकाळी सरांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. प्रकरण सोमवारी पाठवायचं होतं. सरांचा संगणकावर विश्वास होता, पण तक्ता ते हातानेच आखायचे. पट्टी, पेन्सिल, मग शाई. नवरा समोर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

‘ये, बस,’ सर म्हणाले. ‘तू आकडे सांग, मी भरतो. एथेन?’

‘एक पॉइंट चोपन्न.’

‘एथिलीन?’

‘एक पॉइंट चौतीस.’

‘ॲसिटिलीन?’

‘वीस.’

‘बेंझीन? थांब, हे मीच लिहितो, हे झोपेतही येतं.’ त्यांनी एकोणचाळीस लिहिला आणि पेन टेकवून क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. ‘सहा जण. कोणी जास्त घेतलं नाही, कोणी कमी घेतलं नाही. दोघा भावांत हे जमत नाही.’

‘मी एकटाच आहे म्हणून वाचलो,’ वर्तमानपत्रामागून नवरा म्हणाला.

‘तू गप्प बस. हं. आता आपलं.’

सरांनी शेवटच्या ओळीत दोन चौकटी आखल्या होत्या. शेजारशेजारच्या दोन बंधांना एकेक. आकडे सारखे असले तरी दोन्ही लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याला ते शेजारी शेजारी सारखे दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पेनाचं टोक पहिल्या चौकटीत ठेवलं.

‘हं. सांग.’

सासूबाईंच्या हातातली चादर अर्ध्या घडीत राहिली.

‘नायट्रोजन आला ना?’ सर म्हणाले.

‘आला.’

‘बर्फ गेला?’

‘गेला.’

‘मग?’

‘बाबा, चहा घेता का अजून?’ नवऱ्याने विचारलं.

‘कप भरलेला आहे माझा. दिसत नाही का?’ सरांनी सुनेकडे पाहिलं नाही. ते चौकटीकडेच पाहत होते. ‘पहिला.’

‘एक पॉइंट चौतीस,’ सून म्हणाली.

पेन हललं नाही. तोच आकडा त्याच तक्त्यात चार बोटं वर, एथिलीनपुढे, ओल्या शाईत चकाकत होता. ज्याने आयुष्यभर हेच शिकवलं त्याला यापुढचं काही सांगायची गरज नव्हती. रस्त्यावरून कोणाची तरी सायकल खडखडत गेली.

‘चाळीस म्हणालीस ना?’ सर म्हणाले. आवाज अगदी साधा होता. ‘मला हल्ली ऐकू कमी येतं. चाळीसच म्हणाली असशील.’

दार उघडं होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं, किंवा नुसती मान हलवायची होती. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी चादर छातीशी धरली होती. त्या मान हलवून नको म्हणतील, असं तिला वाटलं. पण त्यांनी चादर खुर्चीवर टाकली, सरांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले.

‘ती काय म्हणाली ते तुम्हाला ऐकू आलंय,’ त्या म्हणाल्या. ‘तिला पुरतं बोलू द्या.’

‘चौतीस,’ सून म्हणाली. ‘आणि शेजारचा सेहेचाळीस. आठांतले चार असे, चार तसे. तीन वेगवेगळ्या स्फटिकांवर पाहिलं, सर. ते सारखे नाहीत. कधीच नव्हते.’